मायचे शेवटचे शब्द

माझ्या मायला तोंडाचा कॅन्सर झाला. नागपुरात तिची जीभ आणि अर्धा जबडा काढला, आणि चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घर म्हणजे ब्रह्मपुरीहून जीपनं तासभर आत, तलावाकाठची आमची मासे धरणाऱ्यांची वस्ती. मी एकुलती एक लेक. नवऱ्याचं घर सोडून तिच्यापाशी येऊन बसले.

वस्तीतल्या बायांनी कोणी न सांगता पाळ्या लावून घेतल्या. जखम धुवायची, नळीतून पेज सोडायची, माश्या हाकलायच्या. वासानं नातेवाईक दारातूनच परतत, ह्या बाया नाकाला पदरही लावत नव्हत्या. पण बसल्या बसल्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा! माझं डोकंच फिरलं. "अवं, ज्या तंबाखूनं हे मरून राह्यली, तेच खाता तिच्याजवळ बसून?" एकीनं बाहेर जाऊन थुंकलं, चूळ भरली आणि परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी गाल पुन्हा फुगलेला. कप्पाळ!

मायला बोलता येत नव्हतं, लिहिता तर कधीच येत नव्हतं. ती नुसती माझा हात धरायची. मी तिला म्हटलं होतं, "माय, भेऊ नको. तू जाशीन तवा तुहा हात माह्या हातात राहीन." तिला देण्यासारखं माझ्याकडं तेवढंच होतं.

एका दुपारी शेजारची बुढी म्हणाली, "तीन रोज झाले पोरी, तू आंग नाई धुतलं. जा तलावावर. मी बसतो."

गेले. खोटं कशाला सांगू, पाण्यात बरं वाटलं. केसांचा वास जाईना म्हणून दुसऱ्यांदा साबण लावला. परत आले तर बाया अंगणात उभ्या होत्या आणि कोणीच माझ्याकडं बघत नव्हतं.

सुतकात आमची चूल बंद, शेजारपाजारच्या घरांतून ताट यायचं. प्रत्येक ताटासोबत मायचं एक वाक्य. एक म्हणाली, "तुहंच नाव घेतलं वं शेवटी." दुसरी म्हणाली, "मले म्हणे, माह्या पोरीले जपजा." तिसरी म्हणाली, "म्हणे, पोरीनं लय केलं, आता सुखानं जातो." जीभ नसलेली माझी माय दहा दिवस वस्तीभर बोलत होती! मला त्या बायांचा संताप यायचा, आणि ते वाक्य ऐकल्याशिवाय घासही उतरायचा नाही. पाळ्या लावल्या तसं हेही त्यांनी आपसात ठरवलं असेल.

बुढी मात्र ताट ठेवून गुपचूप निघून जायची. खरी जवळ तर तीच होती. तेरवीला पंगत उठल्यावर मी तिला गाठलं.

"बाई, तुमी होत्या. खरं सांगा मले."

तिनं गोळा केलेल्या उष्ट्या पत्रावळी खाली ठेवल्या. मग म्हणाली, "गोधडीवर हात चाचपून राह्यली होती. मी माहा हात देल्ला. तिनं बोटं चाचपली अन् हात ढकलून देल्ला. मंग पुन्हा चाचपत राह्यली."

मी तिथंच मातीत बसले. तिचा पदर धरून ओरडले, "बाई, सगळ्या खोटं बोलल्या! तुमी काऊन नाई बोलल्या खोटं?"