पाच चाळींना पुरलेला कांदा

आमच्या घराण्यात पदवी पहिल्यांदा मी मिळवली, त्यामुळे निघोज्याकडच्या आमच्या वस्तीतले सगळे सरकारी अर्ज मीच भरायचो. त्या वर्षी कांदाचाळीचं अनुदान आलं. कांदाचाळ म्हणजे कांदा हवेशीर ठेवायचं लांबट, जाळीचं घर. सहा घरांनी चाळी बांधल्या. सहाही अर्ज माझे, एकातही त्रुटी निघाली नाही. हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

चाळीसाठी वडिलांनी दुभती गाय विकली होती. अनुदान आलं की गाय आणायची, असं आईला कबूल केलेलं.

अडचण एवढीच, की पाहणीला येणाऱ्या साहेबांना चाळीत कांदा दिसायला हवा आणि कांदा फक्त आम्ही पिकवत होतो. बाकीच्यांच्या रानात भाड्यानं कंपन्यांचे ट्रेलर उभे. सातबाऱ्यावर मात्र सगळीकडं कांदाच.

"तुमचाच फिरवू की राव," शेजारचे काका वडिलांना म्हणाले. "पेरणीला एकमेकांच्या रानात जायचो, तशी फोटूला सावड करू."

वेळापत्रक मी आखलं. फोटो झाला की साहेबांना घरात चहाला बसवायचं, तेवढ्यात मागनं पिकअप भरून पुढच्या चाळीवर. आमची चाळ शेवटी ठेवली. शिकलेल्या माणसानं स्वतःचं पुढं रेटलेलं बरं दिसत नाही.

काकांच्या चाळीत भाडेकरू कामगार रात्रपाळी करून झोपलेले. त्यांना उठवलं नाही, पुढं कांद्याची रास लावली. एकाचा पाय फोटोत आला.

"राखणदार का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," काका म्हणाले.

पाच चाळी मंजूर झाल्या. मग पहिली शिफ्ट सुटली, कंपन्यांच्या बस रस्त्यावर आल्या आणि पिकअप अडकली. साहेब आमच्या रिकाम्या चाळीत येऊन उभे राहिले.

"कांदा कुठंय?"

"येतोय," मी म्हणालो.

"येतोय म्हणजे?"

खरं सांगावं तर पाच घरांचं अनुदान जात होतं. मी वडिलांकडं पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

'अर्जदार कांदा उत्पादक नाही,' साहेबांनी शेरा मारला. अर्ज नामंजूर. वर वडिलांना समजावू लागले, "शेती त्या काकांसारखी करावी. काय कांदा होता. एकसारखा, टणक, लालभडक."

वडिलांचा चेहरा खुलला. "व्हय साहेब," ते म्हणाले, "आसा कांदा पंचक्रोशीत न्हाई."

गाय काही आली नाही. आम्ही पिशवीचं दूध लावलं. चाळीत कांदा मात्र दिवाळीपर्यंत टिकला.