गाईंना विचारून कोकण

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी आणि आमचे मालक मिळून कधी परगावी मुक्कामाला राहिलो नव्हतो. रडगाणं म्हणून सांगत नाही. जामखेडशेजारच्या आमच्या कर्जत तालुक्यात आमच्यासारख्या सगळ्यांचंच असं आहे. दारात दुभती गाय असली की सकाळ-संध्याकाळ धारेला घरचं माणूस लागतं. माझ्या माहेरी लग्न निघालं की मी जायची, ते राहायचे. त्यांच्या बहिणीकडं बारसं असलं की ते जायचे, मी राहायची. माझ्या बहिणीच्या नव्या सुनेनं तर एकदा मला अगदी आदरानं विचारलं, "मावशी, काका फौजेत हायत का?" मी म्हटलं, "व्हय बाई, गोठ्याच्या सरहद्दीवर."

म्हणून एका उन्हाळ्यात गव्हाणीशी बसून मालक जेव्हा म्हणाले, "यंदा दिवाळी झाली की समुद्र बघाया जाऊ, दोघं," तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलं.

"आन् गाई काय, आपल्या संगं टेम्पोत घालायच्या?"

पण त्यांनी डोकं लढवलं होतं. आमच्या दोन गाई, एक तांबडी आणि एक पांढऱ्या ठिपक्यांची बांडी. दोघी एकाच सुमाराला माजावर येत होत्या. दोघींना एकाच आठवड्यात भरवायचं, म्हणजे गाभण करून घ्यायचं. गाभण गाय सातव्या महिन्यात आटवतात, म्हणजे दूध बंद करतात, आणि व्यायच्या आधीचे दोन महिने तिला विश्रांती असते. तो काळ दोघींचा एकदम आला की धार नाही. वैरणपाण्याचं काय, बांधापलीकडं थोरले दीर आणि जाऊबाई राहतात, त्यांच्याही दारात गाई आहेत, जाऊबाई बघतील. "दोघी कोरड्या, आपुन मोकळे," असं म्हणून ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय.

मी हसण्यावारी नेलं खरं, पण मनात हिशोब केला तर सगळंच जमत होतं. दिवाळीची सुट्टी संपली की पुण्या-मुंबईची माणसं कोकणातून परत फिरतात, ती पुन्हा नाताळाला येतात. मधल्या दिवसांत तिकडं सामसूम. आमच्याकडंही त्या वेळी ज्वारी उगवून आलेली असते आणि कांद्याची लागण अजून लांब. आमचा मुलगा सुप्याला कंपनीत आहे. त्यानं मोबाईलवर बघून समुद्राकाठी एका काकूंच्या घरातली खोली ठरवून टाकली. काकू फोनवर म्हणाल्या, "सुट्टीत आला असतात तर मागच्या अंगाची खोली मिळाली असती. आता समोरची घ्या, खिडकीतून लाटा दिसतात."

गाई भरवायला मोटारसायकलवरून डॉक्टर आले. दोघींना एकाच आठवड्यात का, असं त्यांनी विचारलं. मालकांनी खरं कारण सांगितलं तर डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, "लोक मुहूर्त पंचांगात बघत्यात, तुमी गाईच्या पोटात बघताय."

त्यानंतरचे महिने कसे गेले म्हणून सांगू! जायच्या आधीच मी निम्मं कोकण फिरून आले. दर आठवड्याला काकूंना फोन. तिकडं थंडी असती का? स्वेटर आणू का? त्या म्हणायच्या, "अहो, घाम येईल, सुती साड्या आणा." मालकांचं वेगळंच. तिकडं तांदळाची भाकरी खातात हे कळल्यावर त्यांनी बाजरीच्या भाकरी बांधून न्यायचा हट्ट धरला. मी म्हटलं, मग समुद्र तरी त्यांचा बघणार का तोपण इथनंच न्यायचा? एक दिवस ते कर्जतच्या बाजारातून गुडघ्याखाली येणारी अर्धी विजार घेऊन आले. गावात घालायची लाज वाटायची, तेव्हा सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी गोठ्यात घालून फिरायचे. तांबडी त्यांचे पाय असे न्याहाळायची की मला धार काढवेना.

पोळ्याच्या सुमाराला माझ्या ध्यानात आलं, तांबडीचं पोट दिसायला लागलंय, बांडीचं नाही. मी मालकांना विचारलं. ते आभाळाकडं बघायला लागले. आभाळात काही नव्हतं. मग हळूच म्हणाले, "ती उलटली हुती."

उलटली म्हणजे ठरली नाही, पुन्हा माजावर आली. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा मी माहेरी होते, आणि यांनी गुपचूप डॉक्टरांना बोलावून तिला परत भरवून घेतलं होतं. शेतकऱ्याच्या हातून माजावरची गाय रिकामी ठेववत नाही, ते मला कळतं. पण मला सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "तुजा आनंद मोडंल वाटलं."

आता बांडी आटणार थेट नाताळात. तेव्हा कोकणात पाय ठेवायला जागा नाही, इकडं कांद्याची लागण, आणि तांबडी व्यायला झालेली. झालं कल्याण. मी अशी भडकले की चिंचेवरची पाखरं उठली. ते सगळं खाली मान घालून ऐकत होते, आणि शेवटी काय बोलावं? "तू जा की पोराबरुबर. मी थांबतो."

तिथं माझा बांध फुटला. मी म्हटलं, "समुद्र एकटीला बघायचा असता तर मागंच एसटी धरून बघून आले असते. मला तुमच्याबरुबर बघायचाय."

असलं काही मी त्यांना जन्मात बोलले नव्हते. त्यांनी उगाच गव्हाणीतली वैरण वरखाली केली आणि म्हणाले, "मग बांडीला आत्ताच आटवू का?" मी म्हटलं, भरल्या कासेची गाय आटवली तर दगडी व्हईल, कास दगडासारखी सुजंल, आणि त्या मुक्या जनावराला तुमच्या समुद्राची शिक्षा कशाला?

बांधापलीकडं जाणार नाही असा माझा आवाजच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या जाऊबाई गोठ्याच्या दारात उभ्या. माळकरी बाई, मऊ बोलणं, मुंगीलासुद्धा बाजूला हो म्हणतील. म्हणाल्या, "धार मी काढीन. तुमी जावा."

आमच्या घरात एक रीत आहे. वैरण टाकायला कुणालाही सांगावं, धारेला सांगू नये. उद्या कास सुजली तर गाय जाते आणि नातंही जातं. म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, त्यांनीही मला कधी विचारलं नव्हतं. शिवाय बांडी ही अशी! परका हात लागला की पान्हा चोरणार, वर लाथ मारणार. जाऊबाई म्हणाल्या, "सवय लावू की. अजून दिवस हायती."

मी साडीवर मालकांचा जुना शर्ट घालून धार काढते, तो जाऊबाईंनी मागून घेतला. वासावर गाय फसते म्हणून. पहिल्या दिवशी बांडीनं शर्ट हुंगला, जाऊबाईंना बसू दिलं, आणि बादली उडवून दिली. दुसऱ्या दिवशी बादली राहिली, पण दूध आलं नाही. माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. गोठा गप्प होता.

"जाऊबाई, तिला शिव्या द्याव्या लागत्यात."

"काय?"

खरंच आहे ते. मी धारेला बसले की माझं तोंड चालू असतं. सटवे, भवाने, पाय नीट ठेव, न्हाईतर जामखेडच्या बाजारात नेऊन उभी करीन. ते ऐकल्याशिवाय बांडी पान्हवत नाही. मी गावाला गेले की मालकही तिला माझ्याच शिव्या माझ्याच सुरात देतात. गाईच्या नावाखाली त्या कुणाला देतात, ते मला ठाऊक आहे.

जाऊबाईंनी गळ्यातली माळ पदराखाली झाकली आणि "सटवे" असं म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटावं प्रसाद वाटतायत. बांडीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी शेजारी बसून शिकवायची, "पोटातनं काढा, पोटातनं." मालक दाराआड तोंडात टॉवेल कोंबून हसायचे. तोवर तांबडी ठरल्यासारखी आटली, पण बांडीचं काही जमेना. दिवाळी येऊन गेली, फराळाचे डबे निम्मे झाले, तेव्हा कुठं एका सकाळी बांडीनं जाऊबाईंच्या पायावर पाय दिला. त्या बाईच्या तोंडून जे निघालं ते मी शिकवलेलं नव्हतं. बांडीनं कान टवकारले आणि बादलीत धार वाजली.

आम्ही निघालो. घाट उतरताना कानांना दडे बसले. खाली नारळीपोफळी लागल्या तसे मालक खिडकीला नाक लावून बसले. काकूंच्या घरी पिशव्या टाकल्या आणि थेट वाळूवर गेलो. एवढा मोठा किनारा आणि माणूस म्हणून नाही. मालकांनी ती विजार घातली होती. लाट आली तसा त्यांनी माझा हात धरला, चारचौघांत धरतात तसा नाही, घट्ट. मला रडू आलं आणि हसूही आलं. एवढं सुख मला सोसवेना, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिथंच बसलो होतो तर जाऊबाईंचा फोन. "अगं, दोन येळा दिली हिनं. आता पान्हा चोरतीया. मी बोलून बोलून दमले."

"फोन धरा तिच्या कानाशी."

आणि मी सुरू केलं. समुद्राकडं तोंड करून, पोटातनं. सटवे, भवाने, मी घरात न्हाई म्हनून माजलीस का? लांब एक जण जाळं आवरत होता, तो हातातलं काम टाकून बघत राहिला. मालक हसता हसता ओल्या वाळूत आडवे झाले. मी बोलतच राहिले, आणि थोड्या वेळानं तिकडून बादलीत धारेचा आवाज आला.

"आली," जाऊबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोघं एका जागीच हायसा न्हवं?"

"व्हय. हे शेजारीच हायत."

नुसती धार ऐकू येत होती. मग जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मलाबी आमच्या ह्यांच्याबरुबर एकदा कुठंतरी जायचंय गं. कुठंबी चालंल."

इतकी वर्षं एका बांधाला बांध लावून राहतो आम्ही. मी म्हटलं, "पुढच्या साली जायचं. तुमच्या गाईंची धार मी काढीन. त्यांना काय म्हनावं लागतं, तेवढं सांगा."

"माझे आई, सरक गं लेकरा, असं म्हनते मी."

मालक वाळूत उठून बसले आणि म्हणाले, "मग ऱ्हायलं. हिला न्हाई जमायचं."

मी त्यांच्याकडं पाठ केली, फोन तोंडाशी धरला आणि जमेल तेवढं गोड म्हटलं, "माझे आई, सरक गं लेकरा."

"आजून हळू," जाऊबाई म्हणाल्या.