छाटणी कुणी थांबवली

“या लोकांची नाकं कुत्र्यासारखी असतात,” साहेब इंग्रजीत म्हणाले. पाहुणे हसले.

मी सातवीत शाळा सोडली हे साहेबांना माहीत होतं. बेंगळुरूत सात वर्षं कानावर पडून मला एवढं इंग्रजी कळतं, हे माहीत नव्हतं.

विमानतळावरचा वाइन बार. पुण्याच्या विमानाला तास होता. पाहुण्यांना पुण्याकडच्या जमिनीवर द्राक्षबाग लावायची होती, ती साहेबांनी उभी करून द्यायची. मला आदल्या दिवशी म्हणाले होते, “तू चल. बाग तुझ्या हातावर आहे, हे त्यांना कळू दे.” मी नवा शर्ट घातला. घडीच्या रेघा तशाच.

उंच स्टुलावर पाय लोंबकळत होते. साहेबांनी आमच्याच द्राक्षांची वाइन मागवली. मलाही ग्लास दिला. “सांग रे, कशाचा वास येतो?”

मी हुंगलं. खरं ते बोललो. “ओल्या गोणपाटाचा.”

त्यावर ते कुत्र्याचं बोलले.

काउंटरवरच्या कन्नड पोरीनं बाटली हुंगली. माझ्याकडं बघून म्हणाली, “सरी, अण्णा.” बरोबर आहे म्हणे. बूच खराब निघालं होतं. तिनं दुसरी बाटली फोडली. साहेब माझ्याकडं बघेचनात.

ही चांगली होती. सात वर्षं ती बाग राखली, पण तिची वाइन पहिल्यांदा ओठाला लागली. घोट गिळतोय तोवर साहेब पाहुण्यांना सांगत होते, “गेल्या वर्षी पाऊस लांबला. सगळ्यांनी सप्टेंबरात छाटलं, त्यांचा फुलोरा कुजला. मी थांबलो. आतून वाटलं.”

थांबलो मी होतो. साहेब कात्र्या देऊन बायका छाटणीला लावायला निघालेले. मी आडवा आलो. ढग हटू द्या म्हणालो. तेव्हा काय बोलले? “बाग गेली तर तू पण गेलास.” पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही.

“हे कोण?” पाहुण्यांनी विचारलं.

“आमचा गडी. सामानाला आणलाय.”

घरचा माणूस म्हणायचे मला. बायकोच्या ऑपरेशनला यांनीच डॉक्टर गाठून दिला. पोरीला शाळेत घातलं. खोटं कसं बोलू? देवाच्या जागी होते.

“मग आमच्या जमिनीत छाटणी कधी?” पाहुणे म्हणाले.

साहेब माझ्या कानाशी वाकले. “तिकडं कधी घेतात रे? हळू सांग.”

मी ग्लास खाली ठेवला.

“मोठ्यानं विचारा, साहेब. गेल्या वर्षी कुणी थांबवलं, ते आधी यांना सांगा. मग मी माती बघून सांगतो.”

“चढली काय रे?”

“एकच घोट घेतलाय.”

पाहुणे हसले नाहीत. साहेब दात आवळून म्हणाले, “बागेतली खोली रिकामी कर.” पोरीची परीक्षा तोंडावर होती.

विमानाची घोषणा झाली. साहेबांनी बॅगांकडं बोट केलं. “उचल.”

मी माझी उचलली. फक्त माझी.

त्यांनी केलेलं विसरणार नाही. कुणी विचारलं तर चांगलंच सांगेन. पण त्याच्या बदल्यात माझी अक्कल देणार नाही. यापुढं ज्याला ती पाहिजे, त्यानं चारचौघांत माझं नाव घ्यायचं. नाहीतर कात्री घेऊन स्वतः वेलीपुढं उभं राहायचं.