मागच्या सीटवरचा मामा

फोन आला तेव्हा मी बेलापूरच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनबाहेर फाइल घेऊन उभी होते. मामाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या सुनंदाताई बोलत होत्या, "ताई, लवकर या. मामा उठत नाहीयेत." याचा अर्थ मला तिथंच कळला होता, तरी मी वेड्यासारखं विचारलं, "चहा दिलात का त्याला?" शिरवण्याला त्याच्या घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला... लोक म्हणाले, भाग्यवान. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे पुढचं सगळं मीच केलं. मलाही दुसरं कोणी नाही. कुठलाही फॉर्म आला की 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात मी त्याचं नाव लिहायचे आणि तो माझं सांगायचा. गेल्या आठवड्यात बँकेत असाच एक फॉर्म भरायला घेतला आणि तसाच परत दिला.

मामा कारखान्यात फिटर होता. तिन्ही पाळ्यांना सायकलवरून जायचा. मला लहानपणी सायकल त्यानंच शिकवली. पन्नाशीत त्याला काचबिंदू झाला. मोठा लबाड आजार. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. मामाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दवाखान्यात गेला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सायकल विकली आणि दोन वर्षं ओट्यावर बसून राहिला, कोणीतरी कुठेतरी नेईल म्हणून. मग कोणाकडून तरी त्याला दोन सीटच्या सायकलीबद्दल कळलं. पुढच्यानं हँडल आणि ब्रेक सांभाळायचे, मागच्यानं नुसतं पॅडल मारायचं. मी म्हटलं, पुढे मी बसते. तेव्हा मी चाळिशीला आलेली, शाळा सुटल्यापासून सायकलीला हात लावलेला नाही. पहिल्याच दिवशी गावातल्या किराणा दुकानासमोर आम्ही दोघं आडवे झालो. मामा पडल्या पडल्याच म्हणाला, "गो बाय, आंधला मी हाय का तू?"

त्यानंतर सहा वर्षं, दर रविवारी सकाळी सहाला आम्ही पाम बीच रोडला जायचो. मी पुढून ओरडायचे, "खड्डा... डावीकडे... ब्रेक!" आणि मागून त्याची अखंड टकळी चालू. "खाडीचा वास आयला बघ. भरती हाय आज." शेजारून कोणी गेलं की सायकलच्या आवाजावरून सांगायचा, याच्या चेनला तेल नाही. बरोबरचे सायकलवाले त्याच्यावर खूश असायचे. तो होताच तसा.

आता जे लिहिते आहे ते कोणाला सांगितलेलं नाही. शेवटी शेवटी मला कंटाळा आला होता. ऑफिसात बढती मिळाली, कामाचा डोंगर झाला आणि झोपायला एक रविवार उरला. तोही मामाचा. सिग्नलला थांबलं की मी घड्याळात बघायचे, तोंड भरून जांभया द्यायचे. मागच्याला दिसत नाही, ही सोय होती ना! पण 'येत नाही' असं एकदाही म्हटलं नाही. मग एका रविवारी घराशी उतरताना मामाच म्हणाला, "आता नको गो बाय. माजं गुडघं दुखतान." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. "कं दाखवाचा? वय झायला." खरं सांगते, मला हायसं वाटलं. पुढच्या रविवारी नऊपर्यंत झोपले. तीन महिन्यांनी तो गेला. तेराव्याला मी सहज गुडघ्यांचा विषय काढला, तर सुनंदाताई म्हणाल्या, "गुडघे? छे हो! रोज सकाळी गच्चीत भिंतीला हात लावून तासभर चालायचे मामा. परवापरवापर्यंत."

हातातलं ताट तसंच राहिलं. मग माझ्याशी खोटं का बोलला? माझा कंटाळा त्याला कळला होता का? पण कळणार कसा? मी तर चकार शब्द काढला नव्हता. महिनाभर हेच डोक्यात घेऊन मी झोपत होते आणि उठत होते.

अशात सायकल ग्रुपच्या देशमुखांचा फोन आला. मामाच्या स्मरणार्थ राइड काढायची, जमेल तो निधी काचबिंदूच्या तपासणी शिबिरांना द्यायचा. "तुम्ही मामांची सायकल घेऊन सगळ्यांच्या पुढे राहा. मागच्या सीटवर त्यांचा फोटो ठेवू." मी हो म्हटलं. नेरुळला सकाळी शंभरेक माणसं जमली होती, छातीवर मामा छापलेले टी-शर्ट घालून. एवढे मामा आणि त्यातला एकही बोलत नाही... मी एका कोपऱ्यात उभी राहिले. मागच्या सीटवर फोटो दोरीनं बांधला, त्याला झेंडूचा भरघोस हार घातला. तेवढ्यात देशमुख इक्बालभाईंना हाताला धरून घेऊन आले. बेलापूरला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहेत, जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या पुढे बसणारा माणूस आजारी पडला होता. "फोटो हँडलला लावू. यांना मागे घ्याल का?"

"नाही," मी म्हटलं. "ती मामाची जागा आहे."

इक्बालभाई दोन हात अंतरावरच, हेल्मेट घालून उभे होते. "असू द्या हो साहेब, मॅडमना त्रास नको. आमी इथंच बसतो, चहा पितो."

शिट्टी झाली, निघालो. दोघांची सायकल एकट्यानं ओढायला फार जड जाते. दोन्ही पॅडलं एकाच साखळीला, त्यामुळे मागची पॅडलं पायाशिवाय फिरत होती. "खड्डा!" मी सवयीनं ओरडले. मागून काहीच आलं नाही. पाम बीचवर थोडं पुढे गेले आणि हाराचा दोरा सुटून साखळीत गेला. सायकल जागच्या जागी अडली. लोक थांबले, मी त्यांना पुढे पिटाळलं आणि रस्त्याच्या कडेला बसून ग्रीसमधून एकेक झेंडू काढत राहिले. सगळे निघून गेले. बिनहाराच्या फोटोत मामा काळा चष्मा लावून हसत होता. दोन वर्षं ओट्यावर वाट बघत बसलेला हा माणूस, आणि त्याच्या नावानं मी आज दुसऱ्याला तसंच बसवून आले होते. मला स्वतःची लाज वाटली. फोटो पिशवीत टाकला आणि सायकल उलटी फिरवली.

इक्बालभाई नेरुळलाच, राइडसाठी घातलेल्या मांडवात खुर्चीवर होते. हेल्मेट अजून डोक्यावरच. "चला," मी म्हटलं. त्यांनी जास्त काही विचारलं नाही.

सगळे परत येत होते तेव्हा आम्ही दोघं निघालो होतो. मी "खड्डा" म्हणायचे, ते "ओके मॅडम" म्हणायचे, बस्स. पाय मात्र दमदार. सायकल हलकी झाली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. आवाज होऊ दिला नाही. पुढे रस्ता मोकळा, मागच्याला दिसत नाही... मी डोळे पुसलेसुद्धा नाहीत.

परत आल्यावर ते उतरले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, रागावू नका. सगळा रस्ता तुमी रडत होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पॅडलमधून. साखळी एकच ना! पुढचा खूश आहे, कंटाळलाय, रडतोय, सगळं मागं पायात येतं. आमाला मागं बसून दुसरं काम काय असतं?" आणि ते हसले.

म्हणजे मामाला कळत होतं. एक रविवार नाही, कितीतरी रविवार माझा कंटाळा त्याच्या पायाला लागत होता, तरी तो मागून खाडीच्या भरतीच्या गप्पा सांगत राहिला. आणि शेवटी मला मोकळं करायला त्यानं आपले धडधाकट गुडघे दुखायला लावले.

इक्बालभाईंना रिक्षात बसवून दिलं. सायकलवर बसायचं धैर्य झालं नाही. नेरुळपासून घरापर्यंत ती हातानं ढकलत नेली आणि रस्ताभर मोठ्यानं बोलत राहिले. लोक वळून बघत होते, बघू देत. "कंटाळा आला होता रे मामा, पण तुझा नाही. झोप हवी होती नुसती... एकदा विचारायचंस तरी."