दोनदा मोजलेलं घर

कर्ज मंजूर झालं म्हणून पेढे वाटणारी जमात आमच्या पारनेर तालुक्याबाहेर सापडायची नाही. बाकीचं जग नोकरी लागली, पोरगं झालं, की वाटतं. आम्हाला कुणी वीस वर्षं पिळून काढायचं लेखी कबूल केलं की आम्ही गावाचं तोंड गोड करतो. मीही केलं. सुप्याच्या एमआयडीसीत मी प्रेस मशीनवर आहे. कंपनीच्या बसमध्ये चढताना माझ्या हातात पेढ्यांचा एवढा मोठा पुडा होता की कंडक्टर असता तर त्याचं अर्धं तिकीट फाडलं असतं. उतरताना हातात नुसती सुतळी होती आणि डोक्यात बसभर लोकांचे सल्ले.

घर म्हणजे सुप्याच्या कडेला एक रो-हाऊस. बिल्डरनं खोल्या अशा दिल्यात की आत शिंकलं तर शेजारी रुमाल देतो. पण दारापुढं चार फुटांची पट्टी मोकळी होती आणि तिथं मला ओटा बांधायचा होता. आईसाठी.

आई गावाकडं एकटीच राहते. गेल्या थंडीत ती न्हाणीत घसरून पडली आणि शेजारीण डोकावेपर्यंत तिथंच पडून होती. विचारलं तर म्हणते, "पडले कुठं, बसले हुते जरा." सुप्याला चल म्हटलं की तिची एकच अट. "चार भितीत कोंडून घ्यायला मी काय भाकड म्हैस हाय का? दारात ओटा असंल तर येते. रस्त्यानं जानाऱ्याला कुठं निघाला म्हनून इचारता आलं पायजे." म्हणून बायकोनं आणि मी ओट्याचे पैसे वेगळे काढून ठेवले होते. मिस्त्रीसुद्धा जागा बघून गेला होता.

कर्ज द्यायला नगरची एक फायनान्स कंपनी तयार झाली. तिथल्या पोरीनं अर्ज भरतानाच स्पष्ट सांगितलं, "सर, अर्जाची फी, प्रोसेसिंग फी, वकिलांची, मोजणीची, यातलं काहीही परत मिळत नाही बरं का."

मी खुर्चीत रेलून म्हणालो, "परत मागायला मी काय मांडवात रुसलेला जावई आहे?"

ती हसली. आता वाटतं, हसायला नको होतं तिनं. एखादी कानाखाली दिली असती तरी चाललं असतं.

वकिलानं कागद तपासले. मग घराची किंमत ठरवायला लाल हेल्मेटचा एक लांबडा माणूस मोटारसायकलवरून आला. त्यानं टेप लावून भिंती मोजल्या, मला दारात उभं करून फोटो काढला. आठवड्यात मंजुरी आली. म्हणून ते पेढे.

पेढा गालात असतानाच आमच्या कंपनीच्या पेंट शॉपमधला, म्हणजे रंगखात्यातला, एक दोस्त म्हणाला, "किती टक्क्यानं?"

मी सांगितलं. त्यानं पेढा गिळला नाही, तसाच थांबवला. "येडा का खुळा तू? माझा साडू बँकेत हाय. तिथं पाव टक्का कमी. तू फकस्त व्हय म्हन."

आता आमच्या भागाचा कायदा सांगतो. घटना, न्यायालय, रिझर्व्ह बँक हे सगळं खाली. वर एकच वाक्य, 'आपला माणूस आहे'. हे ऐकलं की आमच्या अंगात मेंदूचं काम गुडघे करायला लागतात. घरी बायको म्हणाली, "अहो, पण आधी भरलेल्याचं काय?"

"साडू बघून घेईल."

"कुणाचा साडू?"

"दोस्ताचा."

"म्हणजे आपला कोण?"

मी गाडीला किक मारली.

फायनान्स कंपनीत जाऊन मी म्हणालो, कर्ज नको, पैसे परत करा, अजून एक रुपयासुद्धा उचललेला नाही. पोरगी म्हणाली, "सर, मी सांगितलं होतं." मी आवाज चढवला. इतका, की बाहेर नगर-पुणे रस्त्यावरचे ट्रक बाजूला झाले असतील. मॅनेजर आतून आला, माझ्याकडं बघितलं आणि तिला म्हणाला, "साहेबांना पाणी द्या." एवढ्या फीत मला मिळालेली ती एकमेव वस्तू. तेही गार नव्हतं.

मग बँकेत गेलो. साडू निघाला लॉकरच्या खोलीतला. मोठ्या प्रेमानं म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखेच बरं का पाव्हनं. पण तुमचा अर्ज मी सोता वर ठिवतो." आणि खरंच, माझ्यादेखत त्यानं ढिगातला माझा अर्ज काढून वर ठेवला. त्याच्या हातात होतं तेवढं केलं बिचाऱ्यानं. दुपारपर्यंत त्यावर दुसरे पाच आले असणार.

परत अर्जाची फी. परत प्रोसेसिंग. वकिलाकडं पाठवलं, तर वकील तोच! त्याच खुर्चीत, तोच चष्मा. "या, या," म्हणाला, "तुमचे कागद स्वच्छ आहेत, मला माहितीये." आणि फी सांगितली. पुढच्या मंगळवारी मी घराच्या दारात उभा, तर कोपऱ्यावर काय वळलं? लाल हेल्मेट.

"अहो साहेब, तुम्ही तर मोजून गेलात की!"

"हो ना. छान आहे घर."

"मग तोच आकडा द्या यांना."

"तो आकडा त्यांचा. यांचा वेगळा काढावा लागतो."

"भिंत तीच आहे ना पण!"

"भिंत तीच, फाईल वेगळी. टेपचं टोक धरा जरा."

आणि मी धरलं. मान कापणाऱ्याला सुरी धुऊन द्यावी तसं. फोटोला दारात उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "मागच्या वेळी हसला होतात."

घर मिळालं. पाव टक्काही खरोखर कमी मिळाला, त्यात खोट नाही. पण दोन्हीकडच्या फीत ओट्याचे पैसे गेले. बायकोनं हिशेब मांडला आणि म्हणाली, "पाव टक्क्यातून एवढं वसूल होईल हो. तोवर त्या ओट्यावर बसायच्या वयाचे आपणच होऊ." बसमध्ये आजही मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडतं, "दुसऱ्या मंजुरीचे पेढे कधी?" पेंट शॉपवाला तर सगळ्यात मोठ्यानं हसतो.

आई घर बघायला आली. दारापुढच्या चार फूट मातीकडं बघून म्हणाली, "हितंच का?" मी मान डोलावली आणि सगळं सांगितलं, लाल हेल्मेटसकट. तिनं ऐकून घेतलं. "दोनदा मोजलं म्हनतो? मग घर दुप्पट व्हायला पायजे हुतं की रं." रंगाचा रिकामा डबा पालथा घालून ती दारात बसली. टेकायला काही नव्हतं, म्हणून एक हात कमरेवर होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. फायनान्स कंपनीच्या हेड ऑफिसातून कुणी पोरगी बोलत होती. "सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

मी तोंड उघडलं. जे बाहेर पडणार होतं ते ऐकून सुप्यातली कुत्री पारनेरला पळाली असती. पण आईनं हात पुढं केला. "दे हिकडं."

"पोरी, तुमच्या हापिसला ओटा हाय का गं?"

"काय, मॅडम?"

"न्हाई, आमचा ऱ्हायलाय तितं. म्हनून इचारलं."

पलीकडून फोन कट झाला. आईनं पदरानं स्क्रीन पुसून फोन माझ्या हातात दिला, आणि संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं परत निघून गेली.