वेणी पाठीवर टाकली की

कबड्डीचे गुण लिहायला घेतलेली माझी वही निम्मी किश्श्यांनीच भरली आहे. गुण सामना संपला की संपतात. किस्से मात्र दर शनिवारी वाढतात!

राजूरच्या आमच्या शाळेच्या मुलींच्या संघात मी आहे, पण खेळत नाही. रेषेबाहेर बसून लिहिते. एकदा पठाण सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "उद्या कोण जिंकंल?" मला चारचौघांत बोलता येत नाही. मी वहीचं पान फाडून दिलं: 'आपण. चार गुणांनी.'

आम्ही बरोबर चार गुणांनी जिंकलो! सर म्हणाले, "पोरी, तू बोलूच नको. लिहीत जा." तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी गेटजवळच्या फळ्यावर माझा अंदाज असतो: कोण भारी, कोण कुठे कमी.

*

सर पकड शिकवतात ती स्वतःच्या पायावर. एकदा सकाळी मुलींनी त्यांना खरोखरच पाडलं. सर मातीत पडल्या पडल्या ओरडले, "बहुत अच्छे! आता सोडा, गणिताचा तास हाय माझा."

पँटवर मातीचे दोन पंजे घेऊन त्यांनी पूर्ण तास शिकवलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सर फळ्याकडेच तोंड करून म्हणाले, "हसू नको. उद्याच्या कॅप्टनची सही हाय ती!"

*

मुक्ता आमची चढाईपटू. दम वाढवायला ती गणपतीच्या कमानीपासून शाळेच्या गेटपर्यंत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत चालते. एका चतुर्थीला दर्शन घेऊन आलेल्या आजींना वाटलं, पोरगी जप करून राह्यली. त्यांनी तिच्या हातावर खोबरं ठेवलं.

थांबली असती तर दम तुटला असता. मुक्ताने खोबरं कपाळाला लावलं आणि पुटपुटत पुढे निघाली. आजी बघतच राहिल्या. "केवढी भक्ती म्हणायची, बाई!"

*

केदारखेड्याच्या संघाशी सामना आमच्याच मैदानावर होता. मी नेहमीसारखं दोन्ही संघांचं खरं खरं लिहिलं. मुक्ताचंही: 'वेणी पाठीवर टाकली की डावीकडे जाते.'

पाहुण्या मुली गेटमधूनच आत येणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही! त्यांनी उभं राहून सगळं वाचलं. मुक्ता तीनदा पकडली गेली आणि आम्ही हरलो.

"तू कोणाकडून हायेस गं?" आमच्या मुलींनी मला घेरलं. मला रडू फुटलं. मुक्ता घाम पुसत फळ्याजवळ गेली, तिने शांतपणे वाचलं. "खरंच हाय की. मलाच म्हाईत नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "अजून काय काय दिसतं तुला? सगळं लिहून दे."

*

जालन्यात एका व्यावसायिक संघाच्या ॲकॅडमीची ट्रायल होती. जिल्ह्यातल्या सगळ्या संघांतून सहा जणी घेणार होते. वयाच्या अटीमुळे मुक्ताची ही शेवटची ट्रायल. महिनाभर ती उजवीकडे जायचा सराव करत होती, पण पाय अजून अडखळत होता.

बसमध्ये सर म्हणाले, "लिही सहा नावं." वर्षभर सामन्यांत पाहिलेल्या मुलींतून मी लिहिली. त्यांत मुक्ताचं नव्हतं. शेजारी बसलेल्या मुक्ताने ते वाचलं. माझी मान वर होईना.

"पेन दे," ती म्हणाली. खाली काहीतरी लिहून तिने वही मिटली. "मंग बघ. आत्ता न्हाई."

ट्रायलमध्ये तिच्यासमोर नेमकी केदारखेड्याची कॅप्टन आली. मुक्ताने हळूच वेणी पाठीवर टाकली. कॅप्टनने खूण केली, सगळ्या जणी मुक्ताच्या डाव्या हाताला सरकल्या. मुक्ता उजवीकडे गेली, दोघींना शिवून परत!

दुसऱ्या चढाईला पुन्हा वेणी. या वेळी सगळ्या उजवीकडे सरकल्या. मुक्ता डावीकडे! तिसऱ्या वेळी तिने नुसता वेणीला हात लावला, तर समोरच्या दोघी एकमेकींवर आदळल्या.

संध्याकाळी यादी लागली. माझी पाच नावं बरोबर आली होती; यादीतलं सहावं मी लिहिलंच नव्हतं. मी वही उघडली. माझ्या सहा नावांखाली मुक्ताच्या तिरक्या अक्षरात सातवं होतं:

'मुक्ता. वेणी पाठीवर टाकली की कुठं जाते, कोणाला म्हाईत न्हाई.'