स्वादुपिंडाची भुकटी

नव्वदच्या दशकात मी भेस्तानच्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. रक्तदाबाच्या औषधासाठी लागणारा कच्चा माल आम्ही बनवायचो. त्यात दोन प्रकारचे रेणू असायचे, उजव्या-डाव्या हातांसारखे, आणि औषधाला त्यातला एकच चालायचा. त्यांना वेगळं करणं नेहमीच्या रसायनांना जमत नव्हतं. ते जमलं डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या पिवळट भुकटीला.

भुकटीतल्या एन्झाइमचं मूळ काम चरबी पचवण्याचं. आमच्या टाकीत चरबीचा थेंबही नव्हता. तरी ते त्या परक्या पदार्थाला भिडलं. एक प्रकार भराभर तोडत गेलं, दुसऱ्याला फारसं शिवलंच नाही. मी थक्क झाले, पण झाकण उघडेपर्यंतच. तुटणाऱ्या रेणूंतून ब्युटिरिक आम्ल सुटायचं. खवट तूप आणि ओकारी एकत्र केल्यासारखा वास!

तो केसांत, नखांत बसायचा. घरी जाताना बमरोलीच्या शेअर रिक्षात शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकायची. धुळ्याहून आलेल्या आईने मला दारातच अडवलं.

"हाऊ कसाना वास शे?"

तिने शिकेकाईने माझं डोकं खसाखसा धुतलं. जेवायला बसले, तर भाकरीलाही तोच वास. मी ताट सरकवलं.

पुढे कारखान्याच्या गुजराती शेठने टाकीचं पाणी मागच्या उघड्या नाल्यात सोडायला सुरुवात केली. नाल्याकाठच्या चाळीतल्या बायका फाटकावर आल्या. पोरांना उलट्या होतात, घरात बसवत नाही, म्हणाल्या.

शेठ हसत म्हणाला, "काई नथी बेन, दूध बगडी गयुं छे. पूछो आ मॅडमने."

पान चघळत तो माझ्याकडे बघत राहिला. त्या तोंडाची मला शिसारी आली.

"दूध नाही ते," मी म्हणाले. "आमच्या टाकीतलं आम्ल आहे. पोरांना नाल्याजवळ जाऊ देऊ नका."

बायका तिथेच बसल्या. संध्याकाळी शेठने गवंडी बोलावून नाल्याकडचा पाइप बुजवला, तेव्हाच उठल्या. मला त्याने दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

आईला कळलं तेव्हा तिने माझे कारखान्यातले दोन्ही पंजाबी ड्रेस काठीने उचलले आणि चुलीत घातले. मी अडवलं नाही.